आहे, पण नाही

पायथन या भाषेच्या प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबला. मागची ओळ परत यायच्या ऐवजी पडद्यावर एक टोपीचं चिन्ह, दोन उघडे चौकोनी कंस आणि एक ए उमटला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. डावा बाण दाबला तर शेवटी ए ऐवजी डी. झालं एवढंच. एवढ्याशा गोष्टीने सगळी संध्याकाळ का नासावी ते कळेना, म्हणून लिहायला बसलेय.

हे पायथन 3.9 मी सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल केलं. डिस्ट्रोकडे, म्हणजे माझ्या लिनक्सच्या वितरणाकडे, नवीनच आहे आणि आमच्या जुन्या स्क्रिप्टा त्यावर नखरे करतात. कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चाललं, मेक (प्रत्यक्ष बांधणारं) चाललं, पंखा घरघरला, एरर एकही नाही. सिस्टिमच्या पायथनला धक्का नको म्हणून इन्स्टॉलच्या जागी आल्टइन्स्टॉल केलं. दादाला अंगठा पाठवून मोकळी झाले. आणि मग हा बाण.

रीडलाइन ही लायब्ररी त्यात नाही हे तेव्हाच लक्षात आलं. ओळीत मागेपुढे सरकणं, जुन्या ओळी परत आणणं हे सगळं तिचं काम. ती नसली की बाणाचा कच्चा संकेत तसाच पडद्यावर सांडतो. मग मेकचं आउटपुट वर वर सरकवत गेले. हजारो ओळींच्या लोंढ्यात, शेवटाच्या जरा आधी, अगदी सभ्य आवाजात लिहिलेलं होतं की काही ऐच्छिक मॉड्यूल बांधायला लागणारं सामान सापडलं नाही. खाली नावांची रांग: बीझेड2, कर्सेस, एलझेडएमए, एसक्यूलाइट3, टीकेइंटर, रीडलाइन. आणि एवढं सांगून मेक शून्य परत करून निघून गेलं. शून्य म्हणजे सगळं आलबेल.

लागलं ते इथे. नाही म्हणाल्याचं दुःख नाही, नसती तर नसती. पण रीडलाइन माझ्या मशीनवर आहे. जीडीबी हा डीबगर तीच वापरतो. फोल्डर उघडून बघितलं तर लिबरीडलाइन.एसओ.8 आपल्या जागी बसलेली, तारीख-वार साइझसकट. मग सापडली नाही म्हणजे काय? कोणी शोधली, कुठे शोधली?

उत्तर मला माहीत होतं, हे त्यातलं सगळ्यात चिडवणारं. लिंकरला, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या हत्याराला, रीडलाइन जोड म्हटलं की तो लिबरीडलाइन.एसओ असं बिनआकड्याचं नाव शोधतो. माझ्याकडे आहे ती आठ आकडा लावलेली. तो आकडा आधीच बांधून तयार असलेल्या प्रोग्रामांसाठी असतो, त्यांच्या पोटात 'मला आठ नंबरची हवी' असं कोरलेलं असतं आणि चालू होताना ते तिला बरोबर गाठतात. बिनआकड्याचं नाव म्हणजे नुसती एक सिमलिंक, दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव. ती आणि हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) वेगळ्या पॅकेजात येतात. डेबियन-उबुंटूत लिबरीडलाइन-डेव, फेडोरात रीडलाइन-डेव्हल. म्हणजे जे तयार आहेत त्यांच्यासाठी ती आहे. जो तिच्यावर नवीन काही उभं करू बघतो त्याच्यासाठी नाही.

ही विभागणी शहाणपणाची आहे, मान्य. बहुतेक लोक आयुष्यात काहीही कंपाइल करत नाहीत, त्यांच्या डिस्कवर हेडर कशाला? शिवाय चालवायच्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. बांधायला मात्र एकच कुठलीतरी ठरवावी लागते. मान्य, सगळं मान्य. तरी समोर असलेल्या वस्तूला कोणी 'सापडत नाही' म्हणालं की माझ्या पोटात काहीतरी हलतं.

परवाच्या त्या मेलमध्ये सगळ्यांची नावं होती, माझं सोडून. असो, तो आजचा विषय नाही.

रात्री कॉन्फिग.लॉग, म्हणजे कॉन्फिगरची नोंदवही, उघडला. ही फाइल खरं तर सगळ्यात आधी उघडायची असते, पण तिचा आकार बघूनच लोक पळतात. पडद्यावर आलं होतं फक्त इतकं: रीडलाइन कशी जोडायची ते तपासतोय, आणि पुढे 'नन', म्हणजे कशीच नाही. लॉगमध्ये त्या एका शब्दामागचा सगळा पसारा असतो. कॉन्फिगर कुठेही काही शोधत फिरत नाही. ते कॉन्फटेस्ट.सी नावाचा चिमुकला प्रोग्राम लिहितं, मेनमध्ये रीडलाइनला एकदा हाक मारतं आणि तो जोडला जातो का एवढंच बघतं. प्रोग्राम चालवतही नाही. त्यात रीडलाइनची ओळख करून दिलेली असते ती साफ खोटी: काही घेत नाही आणि एक कॅरॅक्टर परत देते. खरी रीडलाइन प्रॉम्प्ट घेते आणि कॅरॅक्टरचा पॉइंटर देते. पण लिंकर फक्त नाव बघतो, त्यामुळे थाप खपते. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ, म्हणजे अशा कॉन्फिगर स्क्रिप्टा बनवणारं हत्यार, लिहायला घेतलं तेव्हापासून जग या थापेवर बांधलं जातंय. हे वाचून मला हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा.

माझ्या लॉगमध्ये त्या प्रोग्रामच्या वर लिंकरची ओळ होती: -एलरीडलाइन (म्हणजे 'रीडलाइन जोड') मिळत नाही. खाली 'फसलेला प्रोग्राम असा होता' म्हणून तो प्रोग्राम जसाच्या तसा चिकटवलेला. मी तो बराच वेळ बघत बसले. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि खरी बोच ही आहे की फसण्याचं कारण काहीही असो, पडद्यावर उत्तर एकच. लायब्ररी नाही, नाही. लायब्ररी आहे पण सिमलिंक नाही, तरी नाही. चाचणीचा प्रोग्रामच मोडका आहे, तरी नाहीच. लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचंही तेच. वस्तू घरात असली तरी तिची .पीसी फाइल त्याच्या ठरलेल्या वाटांवर नसेल तर 'असं पॅकेज नाही' म्हणून मोकळं. तिथे निदान खाली पुस्ती जोडलेली असते की बाबा, वेगळ्या जागी बसवलं असशील तर वाट सांगणारं व्हेरिएबल तपास. माणसं तेवढंही म्हणत नाहीत.

यादीतल्या एलझेडएमएसाठी लिबएलझेडएमए-डेव लागतं, म्हणजे फाइली दाबून लहान करणारं एक्सझेड. ते नाव टाइप करताना हात थांबला. मार्च 2024 च्या शेवटी कळलं होतं की एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये चोरदार बसवलेलं आहे. ते शिरायचं कुठून, तर टारबॉलमधल्या (सोर्सच्या गाठोड्यातल्या) कॉन्फिगर बनवायला लागणाऱ्या एका एम4 फाइलीतून, थेट बिल्ड चालू असताना. अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून पकडलं गेलं. हे सगळ्यांना आठवतं. मला मात्र त्यातलं टिंब आठवतं. लँडलॉक ही प्रोग्रामला कुंपणात ठेवायची कर्नलची सोय. ती मशीनवर आहे का हे बघायला सीमेक या दुसऱ्या बांधणीच्या हत्याराच्या फाइलीत असाच एक चिमुकला प्रोग्राम होता. त्यात एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब घुसडलेलं. सी भाषेत तिथे टिंबाला जागाच नाही, त्यामुळे प्रोग्राम कुठल्याच मशीनवर कंपाइल व्हायचा नाही आणि उत्तर दरवेळी येणार: लँडलॉक नाही. कुंपण गुपचूप बंद. एरर नाही, आरडाओरड नाही. आहे त्याला नाही म्हणवून घ्यायला एक टिंब पुरलं.

हे आठवल्यावर माझं दुखणं जरा पातळ झालं. म्हणजे बरं वाटलं असं नाही, पण माझ्या बाबतीत कोणी टिंब टाकलेलं नाही एवढं तरी खरं. नुसतं एक पॅकेज घातलेलं नाही. मशीनला माझ्याशी वैर धरायला वेळ नाही. मेलबद्दलही बहुधा असंच असावं. बहुधा.

मग बसले नावं जमवत. हा भाग मला मनापासून आवडतो, कोणाला सांगत नाही. बीझेड2 ला लिबबीझेड2-डेव, इथवर सरळ. एसक्यूलाइट3 ला लिबएसक्यूलाइट3-डेव, तेही ठीक. पण सी लायब्ऱ्या थेट वापरू देणाऱ्या सीटाइप्सला लागतं लिबएफएफआय-डेव, आता हे कोणाला सुचणार? एसएसएल हवं तर डेबियनमध्ये लिबएसएसएल-डेव, फेडोरात तीच वस्तू ओपनएसएसएल-डेव्हल. अशा वेळी एपीटी-फाइलला हेडरचं नाव विचारायचं, ते पॅकेज सांगतं. फेडोरावाल्यांना डीएनएफ प्रोव्हाइड्स. इंटरनेटवरून कोणाची तरी लांबलचक कमांड उचलून डोळे मिटून चिकटवणारे मला समजत नाहीत. त्यातलं निम्मं लागत नाही आणि जे लागतं ते का लागतं ते कळत नाही.

दादा म्हणाला, बिल्ड-डेप का नाही केलंस, एका ओळीत काम झालं असतं. झालं असतं. सोर्सेसमध्ये डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजांची ओळ) चालू केलं की एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेजं आणणारं हत्यार, सगळं गोळा करतं, टीके आणि कागदपत्रं बनवायची हत्यारंसुद्धा. मला ते सगळं नको होतं. मला फक्त जे नाही म्हणतात ते का नाही म्हणतात ते बघायचं होतं. त्याला हे पटणार नाही, तो कामाचा माणूस आहे.

डिस्टक्लीन करून, म्हणजे आधीचं बांधलेलं पुसून, पुन्हा कॉन्फिगर. या वेळी रीडलाइनपुढे 'नन'च्या जागी -एलरीडलाइन आलं. मेक संपल्यावर यादीही आली, पण आता तिच्यात टीकेइंटर आणि किरकोळ काहीतरी, एवढंच उरलं होतं. आपल्या स्क्रिप्टा खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा टीकेइंटर राहू दे नाहीच. दादाला पुन्हा अंगठा पाठवला. टीकेइंटरचं बोलले नाही. विचारील तेव्हा सांगीन, सापडलं नाही म्हणून.