गोठ्यातलं काय कामाला आलं, काय कोपऱ्यात पडलं

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला माळशिरस तालुक्यात दिलीय. नवराबायकोनं मिळून तीन संकरित गायी घ्यायचं ठरवलंय. बँकेत कागदं फिरतायत, गोठ्याचा पाया अजून खणला नाही, आणि पाव्हण्यांनी मिल्किंग मशीनचं कोटेशन आणून देव्हाऱ्यात ठेवलंय. "ताई, तुझ्याकडं सगळंय. खरं सांग, आधी काय घेऊ?" मी सांगितलं ते तिला निम्मंच ऐकू गेलं, मागं वैरण कापायचं यंत्र, कुट्टी, चालू होतं. म्हणून सवडीनं लिहून काढते.

आमचं गाव फलटणपासून पंधरा किलोमीटर, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचं. आज सात गायी दुधात आहेत, दोन गाभण, तीन कालवडी आणि आत्यांच्या हट्टाखातर एक म्हैस. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गायीच्या दुधाचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा दावणीला दोन गायी होत्या आणि गोठ्यातलं यंत्र म्हणजे विळा, खराटा आणि पाटी.

तर पहिली ढकलगाडी घे. बहीण हसली. हसू दे. एक संकरित गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते. सातांचं धरलं तरी दीडशे किलोच्या वर, ते रोज. उकिरडा आमच्या बांधाच्या पार त्या टोकाला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, अशा दहा-बारा खेपा सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात शेणाचं पाणी पाटीच्या काठावरून निथळून मानेवर, तिथून पाठीवर. दोनदा शिकेकाई लावून पोराच्या शाळेत पालकसभेला गेले, तरी शेजारची बाई सरकून बसली होती.

ह्यांनी एक तयार गाडी आणली, एकचाकी. एक तर ती दगडाला अडखळली की पालथी, आणि मुठी ह्यांच्या उंचीच्या. मी ढकलायची म्हणजे खांदे कानाला लागायचे. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं मीच गेले. अर्धं कापलेलं बॅरल, मोडीतल्या लुनाची दोन चाकं, आणि मुठी माझ्या कमरेला. तो म्हणाला, "वहिनी, माप कशाला घेता, एक साइज ठरलेला असतो." म्हटलं, ठरवणाऱ्यानं कधी शेण भरलंय का? बावीसशे रुपये लागले. बारा खेपांच्या चार झाल्या. पुढं २०२१ मध्ये मुक्त गोठा केला, जनावरं मोकळी सोडली, तेव्हा रोजचं शेण भरणं आणखी कमी झालं. पण गाडी आजही दिवसभर चालूच असते. तीत वैरण जाते, पेंडीचं पोतं जातं, मध्ये आत्यांचा पाय मुरगळला तेव्हा आत्याही गेल्या होत्या.

दुसरी कुट्टी. यात दुमत नाही. आख्खा कडबा टाकला की गाय पाला ओरबाडते आणि बुडखे पायाखाली तुडवते. तेच इंचाच्या आतबाहेर कापून टाकलं की गव्हाण चाटून पुसून. मका असो, हत्तीगवत असो की उसाचं वाढं. आमची दोन एचपीची, सिंगल फेजवर चालणारी. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. वैरण काही रात्री दोनला कापायची नसते.

पण कुट्टीला भ्यायचं. आमच्या पंचक्रोशीत बोटं गेलेली माणसं मी बघितलीत. साडीवरून ह्यांचा जुना शर्ट घालायचा, पदर शर्टात, वेणीचा अंबाडा, बांगड्या मागं सारून वर रबर. आणि घेताना वैरण उलटी बाहेर काढणारा दांडा उजव्या हाताशी आहे का ते बघायचं. दुकानात उभं राहून स्वतः तो दांडा ओढून बघ. पाव्हण्यांना बघायला लावू नको, कुट्टी तू चालवणारेस.

आता चुंबक. हे तुला कुठल्याच कोटेशनात मिळणार नाही.

आमच्या घराचा स्लॅब ओतला त्या वर्षी गौरी नावाची गाय आजारी पडली. अठरा लिटरची गाय चार लिटरवर. ताप थोडा, रवंथ बंद. पाठ कमानीसारखी वर काढून उभी राहायची, बसताना कण्हायची. पोटफुगीचं औषध झालं, पाचकाच्या पुड्या झाल्या. आत्यांनी मिरची-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तिच्या छातीमागं मूठ दाबली तशी ती हुंकारली. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, घराचं बांधकाम कधी झालं?" मला वाटलं, वास्तुदोष काढतायत की काय. पण त्यांना सळया बांधायची तार हवी होती. गाय चावून खात नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. वैरणीतून गेलेला तारेचा तुकडा जड म्हणून पुढच्या कप्प्यात जाऊन बसतो. तो कप्पा आवळला की तार टोचत पुढं सरकते, आणि पुढं काळीज असतं.

त्यांनी बोटाएवढा गुळगुळीत चुंबक काढला, एका लांब नळीनं गौरीच्या घशात सोडला. तोही त्याच कप्प्यात जाऊन बसतो आणि तारा, खिळे अंगाला चिकटवून धरतो. बाहेर काढायचा नाही, जन्मभर आतच. बरोबर इंजेक्शनं, आणि गायीचे पुढचे पाय उंचावर येतील असं आठवडाभर बांधायला सांगितलं. पाचव्या दिवशी गौरीनं गव्हाणीत तोंड घातलं. सगळ्याच गायींना असं उतार पडत नाही, कित्येकींचं पोट उघडावं लागतं, आणि तार काळजात गेली की मग काहीच नाही. आमचं नशीब.

त्या महिन्यात सगळ्या मोठ्या गायींना डॉक्टरांकडून चुंबक दिले. आणि पोराच्या मोडक्या स्पीकरमधलं गोल चुंबक मी कुट्टीच्या तोंडाशी तारेनं आवळून टाकलं. दर रविवारी पुसते. गेल्या रविवारी दोन खिळे, एक सेफ्टी पिन आणि बाटलीचं झाकण निघालं. हे सगळं गव्हाणीत गेलं असतं.

आता तुमच्या मशीनविषयी. चार सडांना चार कप, खाली बादली, आणि मिनिटाला साठएक वेळा टक्-टक् करणारी ती डबी. आमच्याकडं आलं तेव्हा आत्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गायीला हात वळखू येतो. डबा न्हाय वळखू येत." चाळीस वर्षं धारा काढलेल्या बाईचं म्हणणं आहे, उडवून लावायचं नाही. पण त्याच आत्यांच्या अंगठ्याचं पेर बघ. अंगठा दुमडून पेरानं सड दाबत धार काढायची त्यांची पद्धत. त्यानं सडालाही इजा होते आणि आपल्या हातालाही. आज त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. मीही सात गायी हातानं काढत होते तेव्हा रात्री मुंग्या येऊन जाग यायची. मशीन आलं आणि महिन्याभरात मुंग्या थांबल्या. म्हणून मशीनला मी नावं ठेवणार नाही.

आठवड्याभरात गायींनाही तो टक्-टक् आवाज कळायला लागला. आवाज झाला की पान्हा सोडतात. आत्या अजून म्हणतात, त्यांनी हाताशी बेईमानी केली.

पण दुकानदार सांगतो की अर्ध्या तासात धारा होतात, तर पुढचं तो सांगत नाही. धारा झाल्यावर कप, नळ्या, बादली आधी साध्या पाण्यानं, मग गरम पाण्यात पावडर टाकून, मग पुन्हा साध्या पाण्यानं, मग उलटं टांगून निथळत. वीस-पंचवीस मिनिटं सकाळी, तितकीच संध्याकाळी. नळीत दूध राहिलं की डेअरीवर नासकं निघतं, कॅन परत येतो. पहिल्या पावसाळ्यात आमचा तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा बोलणी मीच खाल्ली, कारण धुणारी मी. ह्यांचे धारांचे दोन तास वाचले असं हे पाव्हण्यारावळ्यांत सांगतात. धारा हे काढत नव्हतेच.

आणखी तीन गोष्टी. मशीन किती जोरानं ओढतंय ते दाखवणारा व्हॅक्यूमचा काटा ४५ किलोपास्कलच्या आसपास ठेव, लवकर होतंय म्हणून वाढवू नको. दूध संपल्यावर कप तसेच सडांवर ठेवून चहाला जाऊ नको, सडांची टोकं सुजून बाहेर येतात. आणि कपातलं रबर बदलायचं असतं. साधारण अडीच हजार धारांना एक जोड बाद धरायचा. सात गायी, दोन वेळा, म्हणजे दिवसाला चौदा, सहा महिन्यांत भरले. आम्ही पहिला जोड दोन वर्षं वापरला. एका गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली, एक सड कायमचं बसलं, तेव्हा कुठं हिशेब मांडला. तुझ्या तीन गायींना तर मी म्हणते, वर्षभर हातानंच काढ, पण अंगठा न दुमडता, पूर्ण मुठीनं. मशीनच्या पैशात चौथी गाय बसते.

दगडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या गोठ्यातली सगळ्यात मोलाची वस्तू फुकटची आहे. रंगाच्या डब्याचं काळं झाकण. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-चार चिळकांड्या त्यावर मारायच्या. काळ्यावर पांढरी गुठळी लगेच दिसते, बादलीत दिसत नाही. धार झाली की सड आयोडीनच्या कपात बुडवायचे आणि गायीपुढं वैरण टाकायची. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे.

थर्मामीटर घे, मेडिकलमधलं साधं डिजिटल. ताप शेपटीखालून बघायचा, म्हणून त्याला दोरा बांध, दोऱ्याला कपड्याचा चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना. दोरा का, ते आम्ही एक थर्मामीटर आत घालवून शिकलो. निरोगी गायीचं अंगच १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं, आपल्या मापानं बघून घाबरू नको. २०२२ ला लम्पी आली तेव्हा मी रोज दोन वेळा वहीत मांडत होते. एका कालवडीला अंगावर गाठ दिसायच्या आदल्या दिवशी १०४ लागला, लगेच बाजूला बांधली. ती वाचली. बाकीच्यांना झालं नाही, ते लसीमुळं की बाजूला बांधल्यामुळं, देव जाणे.

कपाळावर बांधायची बॅटरी घे. गाय कायम रात्रीच आणि लाइट गेल्यावरच विते असा माझा अनुभव आहे. मोबाइल दातात धरून वासराचे पाय ओढलेत मी. गमबूटही घे, पण आपल्या मापाचे मिळत नाहीत, दुकानात सगळे आठ-नऊ नंबर. मी शाळकरी पोरांचे घेतले, त्यावर कोळ्याचं चित्र आहे, चालतंय. आणि दुधाला चाळीस लिटरचा कॅन घेऊ नको, वीसचे दोन घे. चाळीसचा भरलेला तू गाडीवर चढवणार नाहीस आणि मग रोज कुणाची तरी वाट बघत दारात उभी राहशील.

कोपऱ्यात पडलेलं सांगायचं तर, रबरी मॅट. मुक्त गोठा झाला आणि त्यांचं काम संपलं. शिवाय खाली मूत साचून घाण यायची, आणि उचलून धुवायला दोन माणसं. आता एक न्हाणीच्या दाराशी आहे, आत्या घसरू नयेत म्हणून. पाण्याच्या त्या आपोआप भरणाऱ्या वाट्या एका प्रदर्शनातून आणल्या होत्या, चकाचक. कालवडींनी खेळून दोन मोडल्या. तिसरीत वैरणीची काडी अडकली आणि रात्रीत दोन हजार लिटरची टाकी रिकामी, गोठ्याचं तळं. आता पाण्याचा सिमेंटचा एकच हौद आहे, त्याला घरच्या टाकीला असतो तसला बॉलकॉक, त्यावर जाळी. दुधाची गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तिला मागायला लावायचं नाही, एवढंच बघायचं.

हे लिहीत असतानाच ह्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलाय. गायींची अंग खाजवायचा विजेचा ब्रश, गोल फिरणारा, "कसा वाटतो?" म्हणून. शेजारच्या खोलीतून पाठवलाय. मी विचारलं, त्यात अडकलेले केस रोज काढायचे कोणी?

निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.