तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवरच कळतं तर ट्रॅकवर गाडी कशाला?

मी पुण्यात हँडलिंगचं सिम्युलेशन करते असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. गाडी कशी वळणार हे कॉम्प्युटरवरच कळतं ना, मग ट्रॅकवर कशाला नेता? नातेवाईक विचारतात, इंटर्नशिपला आलेली पोरं विचारतात, आणि प्रश्न अगदी रास्त आहे म्हणून एकदा नीट लिहितेय.

कळतं, पण टायरबद्दल आपल्याला जेवढं माहीत असतं तेवढंच कळतं.

सुरुवात मी अजूनही बायसिकल मॉडेलने करते. पुढची दोन चाकं मिळून एक, मागची दोन मिळून एक, आणि मध्ये गाडीचं वजन. रीकर्ट आणि शुंक या जर्मनांनी १९४० सालीच हे मांडलंय आणि त्यात बघायचं ते दोनच गोष्टी, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि किती आडवी सरकतेय. आता सस्पेन्शनमधले रबरी बुश, लिंक, स्प्रिंग सगळं घातलेली अवाढव्य मॉडेल चालवता येतात, आम्ही चालवतोही, तरी पहिला अंदाज मला या छोट्याकडूनच हवा असतो कारण काय कशामुळे झालं ते त्यात लगेच दिसतं.

एक उदाहरण बघा, आकडे मी हिशेबापुरते धरलेत पण छोट्या हॅचबॅकला चालतील असेच आहेत. ड्रायव्हरसकट १२०० किलो, त्यातले ७२० पुढच्या अ‍ॅक्सलवर, ४८० मागच्या, व्हीलबेस अडीच मीटर. टायर जरा तिरका घरंगळला की तो आडवा जोर लावतो, तो किती लावतो त्याला कॉर्नरिंग स्टिफनेस म्हणतात, तो पुढे ७०,००० न्यूटन प्रति रेडियन धरा आणि मागे ६०,०००. गणित केलं की १ जी ला, म्हणजे वळणातलं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं धरलं तर, साधारण १.३ अंश अंडरस्टिअर येतो, म्हणजे वेग वाढेल तसं वळणात चाकं थोडी जास्त वळवावी लागतात, शांत स्वभावाची गाडी. आता आणखी चार माणसं आणि डिकीत सामान भरा. पुढे ७८०, मागे ७६०. टायरवर वजन वाढलं की त्याचा जोरही वाढतो पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मागे ७५,००० धरू आणि पुढचा तसाच ठेवू. अंडरस्टिअर निम्म्याहून कमी होऊन ०.६ च्या आसपास येतो. आणि त्याच भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांत हवा बरीच कमी आहे, स्टिफनेस ५५,००० वर आलाय असं धरलं तर चिन्हच उलटतं, गाडी ओव्हरस्टिअर होते, म्हणजे वेग वाढेल तसं वळणात चाकं उलट कमी वळवावी लागतात, आणि ताशी ११० किलोमीटरच्या जवळपास तिचा क्रिटिकल स्पीड येतो. त्याच्या वर गाडी आपणहून सरळ राहत नाही, आडव्या वाऱ्याचा झोत आला तरी ड्रायव्हरला सतत सावरत बसावं लागतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे हे लक्षात घ्या. गाडी तीच, बदलली फक्त माणसं आणि हवा. लग्नाला निघताना पूर्ण कुटुंब गाडीत कोंबणाऱ्या प्रत्येकाला मला हे गणित दाखवावंसं वाटतं.

पण हे ५५,००० आणि ७५,००० आणायचे कुठून? टायर मशीनवर लावून सपाट फिरत्या पट्ट्यावर पळवतात, पट्ट्यावर सँडपेपरसारखा थर असतो, वेगवेगळ्या वजनाला आणि कोनाला जोर मोजतात आणि त्या बिंदूंवर एक वक्ररेषा बसवतात. त्यासाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्रोफेसर हान्स पासेका आणि व्होल्वोच्या लोकांनी १९८० च्या दशकात बसवलेलं सूत्र जगभर वापरलं जातं, त्याला मॅजिक फॉर्म्युलाच म्हणतात. सुंदर सूत्र आहे, पहिले काही अंश रेघ जवळजवळ सरळ, मग वाकते, शिखर गाठते आणि उतरायला लागते. फक्त तो पट्टा कोरडा आणि स्वच्छ असतो. रस्त्यावर बारीक खडी असते, पहिल्या पावसाचा चिकट थर असतो, टायर झिजलेला नाहीतर तापलेला असतो.

आणि मॉडेलमध्ये जे घातलंच नाही ते मॉडेल सांगणार कसं? बायसिकल मॉडेलमध्ये गाडी कलतच नाही, त्यामुळे ती उलटेल का हे त्याला विचारून उपयोग नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये नवी मर्सिडीज ए-क्लास अचानक समोर आलेला अडथळा चुकवण्याच्या चाचणीत उलटली, डिलिव्हरी थांबवावी लागली, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, सगळ्या ए-क्लासना स्टँडर्ड केलं. तसल्या चाचणीसाठी चार चाकं, कलणं, एका बाजूच्या टायरवर सरकणारं वजन हे सगळं मॉडेलमध्ये लागतंच.

ट्रॅकवर, इंदूरजवळ पिथमपूरच्या टेस्ट ट्रॅकवर म्हणा, आम्ही काय करतो तर १०० च्या वेगात सरळ जाताना स्टिअरिंग झटकन थोडं वळवून धरून ठेवतो आणि गाडीचा फिरण्याचा वेग नोंदवतो. तो चढतो, जरा जास्तच चढतो, मग स्थिरावतो. टायर वळवल्या क्षणी पूर्ण जोर देत नाही, अर्धा मीटरभर घरंगळावं लागतं, १०० ला ते सेकंदाचा पन्नासावा भाग होतं. ऐकायला काहीच नाही, पण स्टिअरिंगच्या सांध्यांतली लवचीकता आणि रबरी बुश त्यात मिळाले की ड्रायव्हर म्हणतो गाडी सुस्त आहे. हे सुस्त वाटणं अजून कुठल्याही ग्राफमधून मला तेवढं स्पष्ट कळलेलं नाही, त्यासाठी चांगला टेस्ट ड्रायव्हरच लागतो.

मग दोन्ही रेघा एकावर एक ठेवायच्या, कॉम्प्युटरची आणि ट्रॅकची. जुळल्या नाहीत तर मी आधी त्या दिवशीची टायरची हवा आणि तापमान बघते, मग झीज, मग स्टिअरिंग शाफ्टचा स्टिफनेस, आणि समीकरणांना हात अगदी शेवटी.