मे महिन्यात झाडांना पाणी किती द्यायचं?

एप्रिल लागला की रोपं न्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं: "वहिनी, उन्हाळ्यात किती खेपा पाणी देता जी?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. जमिनीत लावलेल्या झाडांना बहुतेक दिवशी एकदाच, पहाटे. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. नर्सरी हिरवी दिसते म्हणजे ही बाई काहीतरी लपवते, असं वाटत असावं. लपवायचं काय त्यात बाप्पा! आमच्या विदर्भात मे महिन्यात पाणी हा दुसरा प्रश्न आहे, पहिला सावलीचा.

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तो आकडा हवामान खात्याच्या पेटीतला, म्हणजे सावलीतला. उघड्या वाफ्यातली माती आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली रोपाची काळी पिशवी त्याहून कितीतरी तापते. पिशवीच्या कडेची पांढरी मुळं तिथेच करपतात. वर पान वाळलं की माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी ओततो. त्यापेक्षा पिशव्या एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या ओळीला ओलं पोतं गुंडाळा. पश्चिमेचं ऊन अडलं की अर्धं काम झालं.

दुपारी दोन वाजता दोडक्याची, भोपळ्याची पानं लुळी पडतात. बघून जीव कळवळतो, मान्य. पण पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं त्या वेळी मुळं पुरवू शकत नाहीत, जमीन ओली असली तरी. संध्याकाळी सातला पुन्हा जाऊन बघा. पान उभं राहिलं असेल तर काही करायचं नाही. सकाळीही मान टाकलेलीच असेल, तर मात्र झाड खरंच तहानलंय. तरी आधी मातीत दोन पेरं बोट घालून बघा. आपली काळी माती वरून पांढरी दिसते आणि आत ओल धरून असते. तिच्यात रोज पाणी साचवलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि सडलेल्या मुळांचं झाडही तसंच लुळं पडतं.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे भेगा. सुकली की ती आकसते, बारीक मुळं तोडते आणि खालची ओल त्या फटीतून उडून जाते. भेग दिसली की खुरप्यानं वरची माती भुसभुशीत करून बुजवायची आणि वर आच्छादन टाकायचं. सोयाबीनचं कुटार, गव्हाचा भुसा, जे घरी असेल ते, चांगलं चार बोटं जाड. बुंध्याला चिकटवू नका, उधई म्हणजे वाळवी लागते.

ठिबकची काळी नळी दिवसभर उन्हात असते. संध्याकाळी पाचला मोटर लावली तर पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते मोकळ्या जागेत सोडून द्या. शेतीपंपाला रात्री मिळणाऱ्या लाइटला सगळे शिव्या घालतात, पण उन्हाळ्यात बागेला तीच बरी. हाती बॅटरी आणि पायात बूट मात्र हवेत.

हिरव्या नेटचं आता सगळीकडे झालंय, पण सावलीत पीक घेणं आमच्याकडे नवं नाही. अंजनगाव सुर्जी, रामटेक या भागातले पानमळे बघा. नागवेलीला आधार आणि सावली म्हणून शेवरी, शेवगा, पांगारा लावतात आणि भोवतीनं ताटी बांधून गरम वारा अडवतात. आपण नेट फक्त डोक्यावर ताणतो आणि बाजू उघड्या सोडतो, मग झळा आडव्या शिरतात. पश्चिमेला नेट खाली सोडा, नाहीतर तुराट्यांचा कूड घाला. भाजीला पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी नेट पुरते. डोक्याला लागेल इतक्या खाली बांधू नका, गरम हवा तिथेच कोंडते.

पॉलिहाऊसवाल्यांचा प्रश्न वेगळा. प्लास्टिकखाली हवा कोंडली तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर जातं, म्हणून वरची आणि बाजूची पडदी उघडी हवीत. फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारं यंत्र, आपल्याकडे चांगलं काम करतो, कारण मे महिन्यात हवा कोरडी असते. घरातल्या कूलरचं तत्त्व तेच. आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर जसा नुसता चिकचिक करतो, तसा फॉगरही. तेव्हा तो बंद करायचा, नाहीतर बुरशी येते.

टोमॅटोची फुलं गळतात म्हणून औषध मागायला येतात. चाळिशीच्या वर पारा गेला की परागच नीट काम करत नाही, औषध काय करणार? उलट भर उन्हात गंधक किंवा तेलाची फवारणी केली तर पानं जळतात. वांग्यावर मात्र लक्ष ठेवा. पानावर फिकट बारीक ठिपके दिसले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. लाल कण चालायला लागले तर ती कोळी नावाची कीड, ती कोरड्या उन्हात झपाट्यानं वाढते. सुरुवातीला सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बरीच आटोक्यात येते.

संत्र्याचा हिशोब उलटा. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा धरणारे याच दिवसांत झाडाला मुद्दाम ताण देतात, पाणी तोडतात. झाडावर आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या बहाराची फळं असतील तर मात्र पाणी तोडून चालत नाही, फळं गळतात. म्हणून शेजाऱ्याची बाग सुकलेली दिसली की लगेच कीव करू नका, आणि त्याचं बघून आपलं पाणीही बंद करू नका.

नवतपा, म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेल्यावरचे नऊ दिवस. या काळात छाटणी, नवी लावण, युरिया, सगळं थांबवा. याच सुमारास संध्याकाळी वादळ सुटतं, तेव्हा नेटच्या दोऱ्या रोज तपासा. सैल नेट फडफडून रोपं झोडपते, आणि फाटली तर बाजारात लगेच मिळत नाही. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले आणि आभाळ भरून राहू लागलं की नेट काढा. तशीच ठेवली तर रोपं उंच, लेचीपेची होतात आणि ओल्या वाफ्यात मर रोग लागतो. काढताना मात्र ढगाळ दिवस बघा.