तुम्ही विचारलंत म्हणून: 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' या मार्व्हलच्या सिनेमात मी आयर्न मॅनची बाजू घेते, त्यावर तुमचा प्रश्न, बकीचा काय दोष होता?

काहीच नव्हता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला तेच पुन्हा समजावणार नाही. बकी बार्न्स हा कॅप्टन अमेरिकेचा, म्हणजे स्टीव्हचा, जुना मित्र; शत्रूंनी त्याचा मेंदू ताब्यात घेतलेला. त्याला बर्फात ठेवायचे, गरज पडली की बाहेर काढायचे, ठरलेले शब्द वाचून दाखवायचे आणि माणसं मारायला पाठवायचे. १६ डिसेंबर १९९१ च्या रात्री आयर्न मॅनच्या, म्हणजे टोनी स्टार्कच्या, आई-वडिलांना, हॉवर्ड आणि मारिया यांना, मारणारा हात त्याचा होता, मन त्याचं नव्हतं. मला हे कळतं. पण भाचा म्हणा, ऑफिसातली पोरं म्हणा, प्रत्येकाला वाटतं की हिला हे कळलेलं नाही, म्हणूनच ही आयर्न मॅनची बाजू घेते. मग ते शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागतात.

सुपरहिरोंना नियंत्रणाखाली आणणाऱ्या करारावर सही करावी की नाही, या भांडणात मला पडायचंच नाही. तिथे टोनी हटवादी होता असं म्हणा, मी मान डोलावेन. मी बोलते आहे ते 'सिव्हिल वॉर'च्या शेवटाबद्दल. सायबेरियातला तो थंड तळ, सूड घ्यायला आलेल्या झेमोने लावलेलं त्या खुनांचं जुनं चित्रीकरण, आणि त्यानंतरची मारामारी. स्टीव्ह सांगतो की याने जे घडलं ते बदलणार नाही. टोनी म्हणतो, पर्वा नाही, त्याने माझ्या आईला मारलं.

आईला. आई-वडिलांना नाही.

हे तुम्ही कुणी ऐकत नाही. आयर्न मॅनचे २००८ पासूनचे सिनेमे आठवून बघा. बाप, बाप आणि बाप. बापाची कंपनी, बापाची शस्त्रं, बापाने कधी जवळ घेतलं नाही ही तक्रार, आणि दुसऱ्या भागात तर बापाने मरणापूर्वी करून ठेवलेली फिल्म, तू माझी सर्वांत मोठी निर्मिती आहेस वगैरे. आई कुठे आहे? २०१६ पर्यंत जवळपास नाहीच. 'सिव्हिल वॉर'च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंचावर टोनी आपली आठवण सगळ्यांसमोर उभी करतो, त्या यंत्रावर एकसष्ट कोटी डॉलर उधळून. त्यात ती पियानोवर बसलेली दिसते. बापलेकांची कुरबुर चालू आहे, तीच पोराला सांगते की आपण तिघं पुन्हा भेटणार नाही, काहीतरी बोल, नाहीतर पस्तावशील. मग हा बोलतो. कुणाशी? बापाशी! एवढा खर्च करून, घडायला हवं होतं तसं घडवून घेताना, त्यातही तो बापाशीच हिशेब मिटवतो.

यावरून मला कुणीतरी म्हणालं होतं, म्हणजे आईवर त्याचं प्रेमच कमी. अहो, आईशी हिशेब नव्हताच. मिटवायचं काय?

आणि मारणाऱ्यांच्या लेखीही तिचं नाव नव्हतं. गाडीच्या डिकीत हॉवर्डने नेलेलं, माणसाला अफाट ताकद देणारं ते सिरम होतं, त्यासाठी सगळं. ती नवऱ्याबरोबर बहामाला चार दिवस सुट्टीला निघाली होती. बाजूच्या सीटवर होती, पाहिलं असतं, म्हणून गेली. चित्रीकरणात ती शेवटी 'हॉवर्ड, हॉवर्ड' अशा हाका मारते, तेवढाच तिचा आवाज. पोराचं नावसुद्धा तिच्या तोंडी नाही.

आता माझ्यावर या. दर वेळी मी हे टाळते आणि मग तुम्हाला वाटतं की सिनेमाचं वेड आहे बाईला.

आमची आई २००६ च्या जानेवारीत गेली, सांगली जिल्ह्यात, आमच्या गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असताना. गळिताचा हंगाम, उसाने भरलेला ट्रक, पहाटेची वेळ. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. मी पोचेपर्यंत सगळं आवरलेलं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला सांगितलं, जागच्या जागी गेली, काही कळलंसुद्धा नाही तिला. मी ते धरून राहिले. काही कळलं नाही, हे वाक्य रात्री झोपायला फार उपयोगी पडतं.

मोटार अपघाताचा दावा २००९ मध्ये बोर्डावर आला. जिल्ह्याच्या कोर्टात आण्णा अर्जदार, ट्रकचा ड्रायव्हर सामनेवाला क्रमांक एक, मालक क्रमांक दोन, विमा कंपनी तीन. आमचे वकील आत गेले होते आणि फाइल माझ्या मांडीवर होती. मी ती आधी कधी उघडलेली नव्हती, आण्णाच बघायचे सगळं. वाट बघून कंटाळले म्हणून चाळायला लागले. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'डाव्या पायातील एक चप्पल, निळा पट्टा.' ती चप्पल मीच दिवाळीत आणलेली. मग विमा कंपनीचा लेखी जबाब: मयत गृहिणी असून तिला उत्पन्न नाही, सबब कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार तिचं उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरावं. खरंच तसं लिहिलेलं होतं कायद्यात, वकिलांनी नंतर सांगितलं. त्यात वयाचा गुणक लावायचा की झाली आई. चिडायचं म्हटलं तर तिथेच चिडायला हवं होतं, पण तोवर मी पान उलटलं होतं.

पुढचं पान ग्रामीण रुग्णालयाचं होतं. दाखल केल्याची वेळ. शुद्धीवर, असा शेरा. पाणी मागत होती, असं. आणि खाली मृत्यूची वेळ, पाऊण तासानंतरची.

आण्णा शेजारी बाकावर होते. मी कागद पुढे केला आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मी होतो की तिच्याजवळ."

यापुढे मी काय बोलणार होते कोण जाणे, कारण तेवढ्यात तो आला. ड्रायव्हर. मालकाच्या वकिलाने साक्षीला बोलावून घेतलेला. बीडकडचा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, इस्त्रीचा शर्ट बहुतेक दुसऱ्या कुणाचा. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मला काहीच आठवत नाही बघा. डोळा लागला. उठलो तवा लोक काच फोडत होते." मग आपणहून सांगत सुटला. कारखान्याच्या यार्डात नंबर लागत नव्हता, दोन रात्री जागाच होता, मालक म्हणाला अजून एक खेप कर, नाहीतर उचल फिटायची नाही.

खोटं बोलत नव्हता. मला दिसत होतं.

आण्णा त्याला म्हणाले, "चहा घेतलास का रे?" आणि दादाला चार चहा सांगायला पाठवलं. चार. मी चौथी. मी तो चहा घेतला नाही. फाइल बाकावर ठेवली, पायऱ्या उतरून एसटी स्टँडवर गेले आणि मिळेल त्या गाडीने पुण्याला निघून आले. आण्णांशी पुढे बरेच महिने कामापुरतंच बोलत होते.

तर २०१६ मध्ये थिएटरात मी बसलेली आहे, भाच्याच्या हट्टापायी, आणि पडद्यावर हा चिलखतातला माणूस जुनं चित्रीकरण बघतो आणि मित्राकडे वळून विचारतो, तुला माहीत होतं? मागच्या रांगेत शिट्ट्या चालल्या होत्या, आता ढाल फिरणार म्हणून. मला उठून जावंसं वाटलं. गेले नाही.

त्या वर्षी मी सगळ्यांशी तावातावाने भांडत होते की टोनीने बरोबर केलं. आता तसं म्हणवत नाही. एक हात उडालेल्या माणसावर तुटून पडणं याला बरोबर कसं म्हणायचं? पण तेव्हाच्या मला आज समोर बसवलं आणि 'चूक म्हण' असं सांगितलं तर ती विचारेल, चहा घेतलास का गं मग? तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या अंगावर चिलखत असतं तर मी त्या पोराला हात लावला असता का? नसता, असं मी इथे खुर्चीत बसून लिहू शकते. त्या बाकावर काय झालं असतं ते मला विचारू नका.

टोनी त्याला विचारतो, ते दोघं तुला आठवतात तरी का? बकी सांगतो, सगळे आठवतात. मी यावर फार विचार केला आहे. ज्याला काहीच आठवत नाही तो बरा, की ज्याला सगळं आठवतं तो? कधी वाटतं आमच्या त्या ड्रायव्हर पोराला आठवायला हवं होतं, निदान तिने घातलेली साडी तरी. कधी वाटतं बरं झालं, पोर झोपेल तरी सुखाने.

मग तुम्ही ब्लॅक पँथरचं, म्हणजे राजा टचालाचं, उदाहरण काढता. त्याचाही बाप झेमोने व्हिएन्नात घडवलेल्या स्फोटात गेला, त्याने बघा कसं झेमोला मरूसुद्धा दिलं नाही. मान्य, थोर मनाचा राजा. पण त्याला शांत व्हायला सिनेमाभर वेळ मिळाला, चुकीच्या माणसामागे धावून दमून झालं, आणि बर्फात शांत बसलेला झेमो त्याला बोलायला मिळाला. टोनीला मिळाली ती काही मिनिटं, तीही मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहून. हीच काही मिनिटं मोजून माणसाची किंमत ठरवायची असेल तर ठरवा.

कुणी कर्ण आणतं, कवच आणि आई दोन्ही आहे म्हणून. कुंती जिवंत होती हो, आणि मागायला आली होती. आणायचाच तर परशुराम आणा. बापासाठी त्याने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. आणि माहूरला जिचं आपण दर्शन घेतो त्या रेणुकेचं मस्तक? ते बापाच्या शब्दाखातर त्यानेच उडवलं होतं. वर मागून तिला परत मिळवलं, हे खरं. पण आईसाठी कुणावर शस्त्र उचललं, असं काही आपल्याकडे चटकन आठवतं का? मला आठवत नाही. म्हणून ते एक वाक्य माझ्या कानात राहिलं असेल.

आणि कॉमिक वाचणारे. त्यांचं वेगळंच. कॉमिकमध्ये १९६३ साली आलेल्या टोनीला २०१३ साली लेखकांनी दत्तक ठरवलं, पुढे २०१६ मध्ये दुसरी जन्मदाती शोधून दिली. "म्हणजे मारिया त्याची खरी आई नव्हतीच, ताई." हे वाक्य ज्याने मला पाठवलं त्याला मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. टोनी ज्यात आहे त्या सुपरहिरोंच्या चमूचा, ॲव्हेंजर्सचा, खर्च कॉमिकमध्ये ज्या संस्थेतून चालतो तिला टोनीने कुणाचं नाव दिलंय ते त्याने बघावं.

टोनीला मी देवही करत नाही. त्याच एमआयटीच्या मंचामागे त्याला एक बाई गाठते, तिचा मुलगा टोनीने बनवलेल्या यंत्रामुळे सोकोव्हिया या देशात मारला गेलेला. ती फोटो त्याच्या छातीवर दाबते. तिच्या लेखी टोनी बकीच आहे, फक्त मेंदू स्वतःच्याच ताब्यात असलेला. आणि झेमोची बायको, मुलगा, बाप, सगळे तिथेच गेले. हे मला दिसत नाही असं नाही. दिसतं म्हणूनच 'टीम टोनी'चा टीशर्ट मी कधी घातला नाही.

माझा राग बकीवर नाहीच. तो आहे स्टीव्हवर. त्याला दोन वर्षं आधीपासून अंदाज होता की स्टार्क दांपत्य अपघातात गेलेलं नाही. शेवटी पत्र पाठवलं, त्यात कबूल केलं की तुला वाचवतोय असं वाटत होतं, खरं तर स्वतःला वाचवत होतो. चांगलं पत्र आहे. पण पत्रच.

आण्णांनी कुणाला वाचवलं, मला की स्वतःला? ते आता ऐंशीच्या घरात आहेत, गावी असतात, मी महिन्याकाठी जाते. विचारलेलं नाही. विचारलं तर चष्मा पुसतील.

'एन्डगेम' या नंतरच्या सिनेमात टोनी काळात मागे, १९७० सालात जातो आणि बापाला भेटतो, तेव्हा तुम्ही सगळे रडलात. मीही रडले, पण मला वेगळंच दिसत होतं. हॉवर्डच्या हातात फुलं आहेत आणि आंबवलेल्या कोबीचा डबा. बायकोला दिवस गेलेत, तिचे डोहाळे. मुलगा झाला तर तिला अल्मान्झो नाव आवडतं, असंही तो सांगतो. म्हणजे ती तिथे कुठेतरी घरी आहे, जिवंत, आंबट खायची वाट बघत, आणि पोटात हाच. गाडीने गेला असता तर भेटली असती! त्यांनी त्याला बापाला मिठी मारू दिली आणि परत पाठवलं.

तेव्हा बकीबद्दल विचारायचं असेल तर विचारत राहा, मी हेच सांगेन की दोष नव्हता. स्टीव्हवरून मात्र माझ्याशी वाद घालायला येऊ नका.