माणातल्या रानातून डंबेल नेब्युला – माझा अनुभव

आमच्या घरात आईच्या माहेराचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज जरा हळवा होतो. माण तालुका म्हणजे टँकर, चारा छावण्या, आणि "कसे दिवस काढतात बाई तिकडं". मी पण लहानपणापासून तेच ऐकत आलो आणि तेच बोलत आलो. पण डंबेल नेब्युला बघायचं आणि त्याचा फोटो काढायचं जे तीन महिने साताऱ्यात राहून जमलं नाही, ते गेल्या दिवाळीत तिथं एका रात्रीत जमलं, म्हणून हे लिहितोय.

आधी सामान सांगतो. 6 इंची न्यूटोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ 750 मिमी, खाली ईक्यू 5 माउंट म्हणजे दुर्बीण फिरवणारा स्टँड, दोन्ही सेकंडहँड. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा जुना डीएसएलआर. गो-टू म्हणजे आपोआप शोधून देणारी सोय वगैरे नाही, वस्तू आपणच शोधायची, माउंटची मोटार फक्त ती शोधल्यावर मागे मागे फिरते. चंद्र, शनी, गुरू सगळं बघून झालं होतं आणि आता एखादा प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे ताऱ्याभोवतीचा चमकता वायूचा ढग, पकडायचा असं डोक्यात बसलं होतं.

नावात प्लॅनेट असलं तरी ग्रहाशी याचा काही संबंध नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून हे गोल फिकट ठिपके ग्रहाच्या बिंबासारखे दिसले, त्याने तसं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खरं म्हणजे सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, बाहेरचे थर सोडून देतो, आणि मधे उरलेला तापलेला गाभा अतिनील किरणांनी त्या वायूला पेटवतो, म्हणजे जळत नाही पण चमकतो. हा चमकण्याचा कार्यक्रम काही हजार वर्षंच चालतो, ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने चुटकीसरशी. डंबेल म्हणजे एम 27 हा या जातीतला सगळ्यात आधी सापडलेला, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेने 1764 मध्ये नोंदवला, एम हे त्याच्याच यादीचं. 

पहिला प्रयत्न सप्टेंबरमध्ये, आमच्या गच्चीवरून. पावसाने जरा उघडीप दिली म्हणून घाईघाईत सगळं वर चढवलं. आता माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि साताऱ्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 18 अंशावर असतो. आमच्या गच्चीवरून बरोबर त्या जागी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. त्यात इतक्या कमी अक्षांशावर माउंट एवढा आडवा होतो की वजनं लावलेला दांडा ट्रायपॉडच्या पायाला ठोकतो, हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं कारण ते सगळे युरोप-अमेरिकेतले, त्यांचा ध्रुव बराच वर. शेवटी ट्रायपॉड फिरवून दोन पायांमधली फट उत्तरेला आणली तेव्हा दांडा सुटला. पण रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांनी फोटो असा पांढराफटक आला की त्यात नेब्युला होता का नव्हता हे आजही सांगता येणार नाही.

दुसरा प्रयत्न साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या वर पठारावर, ऑक्टोबरच्या मधे. सगळे म्हणतात उंचावर जा, आकाश स्वच्छ असतं. दिवे कमी हे खरं, पण पाऊस नुकताच सरलेला, जमीन ओली, गवत ओलं, आणि साडेआठला दव पडायला लागलं ते दुर्बिणीच्या नळीवरून अक्षरशः ओघळायला लागलं. पुढचा छोटा आरसा धुरकट झाला. रुमालाने पुसायचा मोह झाला होता पण आरशाच्या लेपाला चरे पडतात म्हणून हात आवरला. शिवाय त्या दिवसांत संध्याकाळी एम 27 जवळजवळ डोक्यावर असतो. वाटलं होतं सोयीचं पडेल, पण फाइंडरमधून, म्हणजे नळीवरच्या छोट्या दुर्बिणीतून, बघायला मान इतकी मागे न्यावी लागली की शेवटी मी ओल्या गवतात उताणा झोपलो. ठिपका एकदा दिसल्यासारखा वाटला आणि तेवढ्यात धुकं आलं. घरी येऊन चार दिवस मान धरली होती.

हे सगळं मामांना फोनवर सांगत होतो तर ते म्हणाले, "मग हिकडं ये की. ढग बघायला आमी तरसतोय आन् तुला ढगाचा तरास!" 

मला खरंच तोपर्यंत सुचलं नव्हतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणात जेमतेम पाचशे, घाटानेच सगळं पाणी अडवून धरलेलं. म्हणजे कोरडी हवा, मोकळं आकाश, लांब लांब वस्त्या. आणि दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजनाला अमावस्या, चंद्राची कटकटच नाही! साताऱ्यात त्या रात्री फटाक्यांचा धूर असतो, पण मामांची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत आहे. पुसेगावमार्गे दहिवडीला गेलो, सगळं सामान गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून. मामी म्हणाली, "आवसंच्या रातीला कशाला रानात जातोस?" पण पूजा झाल्यावर तीच चहाचा थर्मास घेऊन आली.

खळ्यावर सेटअप लावला. उत्तरेला काही आड नाही, ध्रुव स्वच्छ. घोळ झाला बॅटरीचा, माझी पॉवर बँक माउंटला चालेना, मोटारीला 12 व्होल्ट लागतात. मामांनी फवारणीच्या पंपातली बॅटरी काढून दिली, वायरी चिकटपट्टीने जोडल्या, प्लस-मायनस तीनदा तपासलं, आणि मोटार सुरू झाली.

शोधायची रीत आता पाठ झालीय. अभिजित, हंस आणि श्रवण या ताऱ्यांचा मोठा त्रिकोण, त्यात शर नावाचं बाणासारखं छोटं नक्षत्र, त्या बाणाच्या टोकाच्या ताऱ्यापासून तीन अंश उत्तरेला सरकायचं. तिथे जंबुक म्हणजे कोल्हा नक्षत्र आहे, आणि मी फाइंडरला डोळा लावलेला असतानाच पलीकडच्या शाळूच्या रानातून खरी कोल्हेकुई सुरू झाली, अंगावर काटाच आला.

आणि दिसला. थेट बघितलं की विरतो, जरा बाजूला नजर ठेवली की उमटतो, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या मधोमध नसतात, कडेला असतात. दोन्ही बाजूंनी खाल्लेल्या सफरचंदासारखा करडा आकार. रंग बिंग काही नाही. मग ओ-थ्री फिल्टर लावला आणि आजूबाजूचं आकाश काळं झालं, नेब्युला उठून आला. या नेब्युलाचा बराच प्रकाश 500.7 आणि 495.9 नॅनोमीटर या दोनच रंगरेषांत असतो आणि फिल्टर तेवढ्याच सोडतो. या हिरव्या रेषांनी शास्त्रज्ञांना किती वर्षं चकवलं होतं. खगोलशास्त्रज्ञ हगिन्सने 1864 मध्ये एका प्लॅनेटरी नेब्युलात त्या पाहिल्या, माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात म्हणून नेब्युलियम नावाचं नवीन मूलद्रव्यच मानलं गेलं, आणि 1927 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने दाखवलं की तो आपला ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि पृथ्वीवर मिळत नाही इतक्या विरळ अवस्थेतला.

मामांनी बघितलं. "धूर हाय जनू," एवढंच म्हणाले. मामीला आधी काही दिसेना. तिला मग अभिजितजवळचा दुसरा प्लॅनेटरी नेब्युला, एम 57, लावून दिला, तो फार लहान पण कडा चांगली ठसठशीत. ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "अरं हे तर जोडवं!" बरोबर आहे, इंग्रजीत पण त्याला रिंगच म्हणतात, पण जोडवं जास्त चपखल.

फोटोचं काम मात्र कंटाळवाणं आहे, कुणी काही सांगो. फोकससाठी अभिजितवर बाहतिनोव मास्क म्हणजे खाचांची जाळी लावून रेषा मधोमध आणल्या. मग आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता 1600 ला ठेवून 30-30 सेकंदांचे 140 फोटो, साडेसात ते नऊच्या सुमाराला. दव नावालाही नाही. नंतर कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके वजा करायला नळीला टोपी लावून डार्क फ्रेम, आणि कडेची काळसर झाक काढायला लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन मामांच्या धुतलेल्या बनियनमधून गाळून फ्लॅट फ्रेम. 

साताऱ्यात परत येऊन बघतो तर 52 फोटोंत तारे लांबट, माउंटच्या गिअरचे हेलकावे. ते फेकले. उरलेले 88, म्हणजे 44 मिनिटं, फोटो एकावर एक रचणाऱ्या डीपस्कायस्टॅकरमध्ये टाकले आणि हिस्टोग्राम ताणला, म्हणजे फिकट भाग उजळला. मधे निळसर हिरवा, कडेला पुसट लाल. लाल कमी आला कारण साध्या कॅमेऱ्यातला आतला फिल्टर हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल बराच अडवतो. सगळा नेब्युला अख्ख्या फ्रेममध्ये चारशे पिक्सेलभर. चारशे पिक्सेल! पण मी तो फोटो त्या रात्री पन्नास वेळा उघडून बघितला असेल.

मामांना पाठवला. त्यांचा फोन आला तो फोटोबद्दल नव्हता. पाडव्यानंतर कांद्यावर फवारणी करताना पंप अर्ध्या वाफ्यात बंद पडला होता, बॅटरी मीच रिकामी करून तशीच परत बसवली होती. आता पौष अमावस्येला मिथुनमधला एनजीसी 2392 हा प्लॅनेटरी नेब्युला बघायला जायचंय, आणि मामांची अट एकच आहे, येताना बॅटरी तुझी तू आण.