२८ दिवसांत निकाल

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा आमच्या साहेबांचं रस्त्याच्या एका कामाचं प्रकरण लवादापुढे चालू होतं. एक्स्ट्रा आयटमचे पैसे अडकले होते. मी रुजू झालो तेव्हा तिसरं वर्ष, सोडलं तेव्हा सातवं. त्यामुळे पुढे बर्मिंगहॅममध्ये आमच्या छोट्या कंपनीचं बिल मुख्य कंत्राटदाराने दाबून ठेवलं आणि सल्लागार म्हणाला, "२८ दिवसांत निकाल लागेल," तेव्हा मला हसूच आलं.

काम ड्रायवॉल आणि फॉल्स सीलिंगचं. नकाशे तीनदा बदलले, उभी केलेली पार्टिशनं पाडून पुन्हा बांधली. जादा कामाचे १ लाख ८४ हजार पौंड मागितले, तर उत्तर आलं, हे मूळ दरातच धरलंय.

ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यानुसार बांधकामाचा असा वाद केव्हाही ॲडज्युडिकेशनला, म्हणजे कोर्टाबाहेरच्या झटपट निवाड्याला, नेता येतो. करारात तशी सोय नसली तरी चालतं. नोटीस दिल्यापासून ७ दिवसांत निवाडा करणारा नेमून कागद त्याच्याकडे पोचवायचे, तिथून २८ दिवस मोजायचे. दावेदार कबूल असेल तर आणखी १४. निकाल लागला की आधी पैसे द्यायचे, भांडायचं ते नंतर.

हे २८ दिवस दिसतात तितके सरळ नाहीत. नोटिशीआधी आम्ही सात आठवडे कागद लावत होतो. समोरच्याला उत्तराला जेमतेम दहा दिवस मिळाले. सल्लागाराचा तर बेत होता की नोटीस ऐन नाताळाच्या तोंडावर टाकायची, म्हणजे त्यांची माणसं सुट्टीवर. आमचा मालक नाही म्हणाला. उद्या त्यांच्याच दारात काम मागायला जायचं होतं.

निवाडा करणारे गृहस्थ स्वतः जुने क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मापं आणि खर्च काढणारे. समोरासमोर बसणं नाही. सगळं ईमेलवर, आणि दोन तासांचा एक फोन. त्यांनी कायद्याचं फारसं काही विचारलंच नाही. अमुक तारखेला चौथ्या मजल्यावर माणसं किती होती, हा प्रश्न. आमच्या पोलिश फोरमनची कॉफीचे डाग पडलेली डायरी तिथे कामाला आली. पेन्सिलीने रोजची माणसं, रोजची पाडापाडी, सगळं टिपलेलं.

एका मजल्याचे ३८ हजार मात्र साफ उडाले. साइट मॅनेजरने तोंडी सांगितलं, आम्ही केलं, ईमेल कोणी टाकलाच नाही. तो सांगत होता तेव्हा शेजारी मीच उभा होतो.

एकूण १ लाख २१ हजार मंजूर झाले, सात दिवसांत द्यायचे. आठव्या दिवशीही आले नाहीत. मग टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्टाचं नाव घालून पत्र गेलं आणि पैसे आले. निवाड्यात चूक असली तरी हे कोर्ट सहसा आधी पैसे द्यायला लावतं, हे तिथल्या प्रत्येक कंत्राटदाराला ठाऊक असतं. आपल्याकडेही २०१५ च्या दुरुस्तीने लवादाला वर्षाची मुदत घातली आहे; पण निवाड्यानंतर कोर्टाची पायरी उरतेच, आणि तोवर पैसे हातात पडतील याचा भरवसा नाही. सल्लागाराचे २२ हजार आमच्याच खिशातून गेले. जिंकलो तरी तो खर्च मिळत नाही.

साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. २८ दिवसांचं त्यांना नवल वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लेखी ऑर्डर नसताना काम केलंस कशाला?"