तुम्ही विचारलंत म्हणून: एका पिकअपमागे दोन ट्रेलर

मिनेसोटातल्या मराठी मंडळींकडे गणपतीच्या जेवणाला गेलो की कोणीतरी मला बाजूला घेतेच आणि विचारते, "पिकअपमागे कॅम्पर, कॅम्परमागे पुन्हा बोट, हे कायदेशीर तरी आहे का हो?" त्यातला "तरी" मला आता पाठ झाला आहे. म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवतो.

होय, मिनेसोटात हे कायदेशीर आहे. राज्याच्या कायद्यात अशा जोडणीची व्याख्याच दिलेली आहे: पूर्ण आकाराचा पिकअप, त्याला फिफ्थ व्हील पद्धतीने, म्हणजे बंपरला नव्हे तर हौद्यात बसवलेल्या कपलिंगला, जोडलेला कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेला ट्रेलर, आणि त्या कॅम्परला जोडलेला बोट, स्नोमोबाइल (बर्फावरची गाडी), मोटरसायकल असल्या वस्तूंचा ट्रेलर. तीनपेक्षा अधिक वाहने नकोत, एकूण लांबी ७० फुटांच्या आत हवी, चालकाचे वय किमान १८ हवे आणि मागे ओढल्या जाणाऱ्या सगळ्याचे मिळून वजन पिकअपच्या ओढण्याच्या क्षमतेत बसायला हवे. बंपरच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडाला, लावलेल्या कॅम्परमागे बोट जोडलीत तर ही सवलत तुम्हाला नाही. हे मी आजवर तिघांना समजावले आणि तिघांनीही "एवढे काय त्यात?" असे म्हटले.

"अमेरिकेत चालते का?" या प्रश्नाला मात्र उत्तरच नाही, कारण हा कायदा राज्याराज्यांचा आहे. मिशिगनमध्ये अशा जोडणीसाठी परवान्यावर "आर" हा वेगळा शेरा घ्यावा लागतो, तर कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी परवान्यावर एकाहून अधिक वाहन ओढताच येत नाही.

आमची जोडणी ६४ फुटांची होती. मी स्वतः टेप धरून मोजली होती, वजनकाट्यावर नेऊन तिचे वजन केले होते आणि कायद्याचे ते पान छापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले होते. कोणी विचारले की मी ते पान काढून दाखवत असे. त्या वेळच्या माझ्याशी आज माझे फारसे पटत नाही.

त्या पानावर एक अट आणखी होती. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ७ या वेळांत ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या, परिसरातल्या सात काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) ही जोडणी रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, आम्ही त्या सातांपैकी डकोटा काउंटीतल्या घरून उत्तरेकडच्या लेक व्हर्मिलियन या तळ्याला निघालो. सोबत पत्नी आणि वाळव्याहून आलेले माझे वडील, अण्णा, होते. दीडला निघायचे ते अडीच वाजले आणि सुट्टीमुळे निम्मे शहर आमच्याबरोबर उत्तरेला निघाले होते. लिनो लेक्सच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना घड्याळात ३ वाजून ५२ मिनिटे झाली. सातांबाहेरच्या चिसागो काउंटीची हद्द, म्हणजे माझ्यासाठी कायद्याची हद्द, अजून बरीच पुढे होती.

आता वाटते की सरळ जात राहायला हवे होते. फार तर दंड झाला असता. पण मी नियम पाळणारा माणूस असल्याचे मला त्या क्षणी सिद्ध करायचे होते, त्यामुळे पुढच्या फाट्यावर महामार्ग सोडला आणि एका बंद पडलेल्या दुकानाच्या वाहनतळाकडे वळलो. वाहनतळाच्या तोंडाशी साखळी लावलेली होती. पिकअपचे नाक साखळीशी, कॅम्पर वळणात आणि बोट मागच्या रस्त्यावर आडवी, अशा अवस्थेत आम्ही थांबलो.

एक ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग उलटे फिरवावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. दोन असले की पहिल्याला उलटे फिरवलेले दुसऱ्याला सुलटे होते आणि मागचा ट्रेलर काही फुटांतच दुमडून काटकोनात उभा राहतो. मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी बोट-ट्रेलरचा दांडा कॅम्परच्या मागच्या कोपऱ्याला घासला आणि पत्नी बाहेरून ओरडली. मागे नऊ-दहा गाड्या खोळंबल्या होत्या.

अण्णा तोवर गप्प होते. ते खाली उतरले, मागे जाऊन पाहिले आणि म्हणाले, "अरे, पिन काढ की. उसाच्या दोन ट्रॉल्या कधी कुणी मागं घेतो का?"

कारखान्याच्या रांगेत त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. आम्ही बोटीचा ट्रेलर सोडवला आणि मागच्या गाडीतून उतरलेल्या एका तरुणाच्या मदतीने चौघांनी तो ढकलत कडेला नेला. मग कॅम्पर एकटाच मागे आला. तेवढ्यात पोलीस पोहोचले. त्यांनी वेळेबद्दल अवाक्षर काढले नाही. बोट-ट्रेलरचा डावा दिवा लागत नव्हता, त्याबद्दल लेखी ताकीद दिली. छापलेले पान मी काढलेच नाही. सात वाजेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून प्रवासासाठी केलेली थालीपीठे खाल्ली.

आणखी एक गोष्ट, जी मी जेवणावळीत सांगत नाही. कॅम्परच्या पुस्तिकेत त्याच्यामागे काहीही ओढू नये असे स्पष्ट छापलेले होते. ते वाचूनही मी मागे हिच वेल्डिंग करून घेतली. कायद्याच्या त्या पानावर पुस्तिकेचा उल्लेख नव्हता, म्हणून मीही तो कोणाजवळ केला नाही.

तेव्हा तुमचा प्रश्न कायद्याचा असेल, तर उत्तर वर दिले आहे. पण "तरी"चे उत्तर माझ्याजवळ नाही. पुढच्या उन्हाळ्यात पत्नीने बोट स्वतःच्या गाडीमागे वेगळी नेली. दुप्पट पेट्रोल जळाले आणि चार तासांच्या प्रवासात दोघेही थकलो; ते अधिक सुरक्षित होते असेही मला छातीठोकपणे म्हणवत नाही. त्यानंतर दोनदा मी तीच जोडणी पुन्हा घेऊन गेलो, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी दहाला निघून. एरवी बोट घरीच असते. हिच अजून कॅम्परला आहे. ती कापून टाकणार का, असे पत्नीने दोनदा विचारले आहे.